दोन पियानो, तीन माणसं

तुम्ही पाठीवर पडून आहात. उजवा पाय प्लास्टरमध्ये, दोरीने वर टांगलेला. दुसरं महायुद्ध अजून संपलेलं नाही आणि हा अमेरिकी हवाई दलाच्या जखमी सैनिकांचा वॉर्ड आहे. दिवसभर करण्यासारखं काही नाही. डॉक्टर येऊन जातात, जेवण येऊन जातं, छत मात्र तेच. मग एका सकाळी तुमच्या मांडीवर एक लहानसं वाद्य ठेवलं जातं. पट्ट्या फक्त २९, म्हणजे जेमतेम अडीच सप्तकं. एक दाबून पाहा. आतली इवलीशी हातोडी ॲल्युमिनियमच्या नळीवर आपटते आणि झायलोफोनसारखा कोवळा नाद निघून चटकन विरतो. ती नळी मोडीत निघालेल्या बी-१७ बॉम्बर विमानातली आहे.

वाद्य बनवणारा हॅरोल्ड ऱ्होड्स पेशाने पियानोशिक्षक. जो माणूस पियानोपर्यंत जाऊ शकत नाही त्याच्या खाटेवर पियानो यायला हवा, इतका साधा त्याचा विचार. विजेचा यात अजून संबंध नाही. पण दोन गोष्टी इथेच ठरून गेल्या आहेत. तारेऐवजी धातूचा तुकडा वाजणार, आणि बोट जितक्या जोराने पडेल तितकाच नाद उठणार. पुढची वीसेक वर्षं ऱ्होड्सने या दोन गोष्टींचा पिच्छा सोडला नाही. नळीच्या जागी पोलादी काडी आली, काडीजवळ चुंबक आलं. १९५९ मध्ये गिटारवाल्या लिओ फेंडरशी भागीदारी झाली, पण तेव्हा बाजारात आला तो फक्त खालच्या ३२ स्वरांचा ‘पियानो बेस’. १९६५ मध्ये सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्याच सुमारास ७३ पट्ट्यांचा पूर्ण ऱ्होड्स कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. कोलंबिया रेकॉर्ड्सही सीबीएसच्याच मालकीची. हे नातं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

वाद्य तयार झालं तरी त्याला संगीतात जागा मिळावी लागते. आणि गंमत अशी की या वाद्याला लागणारी जागा ज्याने मोकळी केली, त्याने ती केली तेव्हा त्याच्यासमोर साधा लाकडी पियानोच होता. ते पाहायला तुम्हाला एका तळघरात उतरायचं आहे.

२५ जून १९६१, रविवार दुपार. न्यू यॉर्कमध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरचा ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’. अरुंद जिना उतरलात की पाचरीसारखी निमुळती होत गेलेली खोली लागते आणि निमुळत्या टोकाला रंगमंच. टेबलांवर पेले किणकिणतायत, मागे कुणीतरी बोलतंय, कुणी हसतंय. हे सगळे आवाज आज ध्वनिमुद्रणात उतरणार आहेत आणि जगभरचे लोक ते वर्षानुवर्षं ऐकणार आहेत; तुमच्या खुर्चीचा आवाजसुद्धा, कोण जाणे. पियानोवर बिल इव्हान्स, वय ३१. चष्मा, चोपून बसवलेले केस, आणि मान इतकी खाली झुकलेली की कपाळ पट्ट्यांना टेकेल असं वाटावं. बेसवर २५ वर्षांचा स्कॉट लाफॅरो, ड्रमवर पॉल मोशन.

पियानोकडे पाहू नका. बेस ऐका. तोपर्यंतच्या बहुतेक पियानो ट्रिओंमध्ये बेसवाल्याचं काम ठरलेलं असे: दर मात्रेला एक स्वर, खालून आधार, वर पियानोचा दिमाख. इथे लाफॅरो ते काम मध्येच सोडून देतो. इव्हान्सचं वाक्य संपायच्या आत तो त्याला उत्तर देतो, कधी आडवा प्रश्न टाकतो, कधी वरच्या सप्तकात जाऊन स्वतःच गायला लागतो. मोशन ताल हातात घट्ट धरून ठेवत नाही, तो तालाभोवती फिरतो. तरी लय सुटत नाही. प्रत्येकाच्या आत ती चालूच आहे, ती मोठ्याने मोजून दाखवायची गरज कुणाला वाटत नाही.

आता इव्हान्सचा डावा हात पाहा. पाश्चात्त्य कॉर्डला एक मूळ स्वर असतो, ज्यावर बाकीचे स्वर रचलेले असतात. तोच स्वर इव्हान्स वाजवत नाही. वरचे तीन-चार स्वर तेवढे एकमेकांना खेटून, पियानोच्या मधल्या भागात ठेवतो. मूळ स्वर त्याने बेसवाल्याकडे सोपवला आहे, आणि बेसवाल्याला तो वाजवायचा नसेल तर न वाजवण्याचीही मुभा आहे. ऐकणाऱ्याच्या मनात तो आपोआप उमटतो. माझ्या मते जॅझ ट्रिओच्या इतिहासातली ही सगळ्यात उदार कृती आहे. पियानो हे एकट्याने सगळं व्यापू शकणारं वाद्य. त्याच्यावर बसून खालचं अर्धं अंगण दुसऱ्याला देऊन टाकायचं, तेही रोज, दर गाण्याला.

त्या दिवशीच्या पाच सेट्समधून दोन अल्बम निघाले, ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. ६ जुलैला, म्हणजे दोन आठवडेही उलटायच्या आत, लाफॅरो मोटार अपघातात गेला. इव्हान्स कित्येक महिने लोकांसमोर वाजवू शकला नाही. हे तुम्हाला आधी माहीत असेल तर त्या दुपारी त्या खोलीत बसणं सोपं नाही. चला, वर या.

मधली काही वर्षं लवकर ओलांडू. १९६६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत बोलावलेल्या श्रोत्यांपुढे सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीचा बँड ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ वाजवतोय आणि जो झाविनुल वुर्लिट्झर नावाच्या वेगळ्या इलेक्ट्रिक पियानोवर आहे. त्यात काडी नसते, पोलादाची चपटी जिभली असते, म्हणून त्याचा आवाज जरा दातात धरल्यासारखा येतो. श्रोते टाळ्या-आरोळ्यांनी साथ करतायत. मे १९६८, न्यू यॉर्क: हर्बी हॅनकॉक ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत शिरतो आणि त्याला पियानो कुठे दिसतच नाही. मी काय वाजवू, असं तो विचारतो. माइल्स कोपऱ्यातल्या इलेक्ट्रिक पियानोकडे बोट दाखवतो. हॅनकॉकला ते खेळणं वाटतं. तो नाराजीने एक कॉर्ड दाबतो, आणि जो गोल, उबदार आवाज येतो त्याने चकित होतो. ही गोष्ट त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. ‘माइल्स इन द स्काय’मधली ‘स्टफ’ ही दीर्घ रचना त्याच महिन्यातली.

फेब्रुवारी १९६९ मध्ये ‘इन अ सायलेंट वे’ मुद्रित होताना त्याच माइल्सभोवती तीन कीबोर्डवाले आहेत: हॅनकॉक, चिक कोरिया आणि झाविनुल. ते संगीत थोर आहे. पण तिथे इलेक्ट्रिक पियानो म्हणजे धुक्याचा एक थर. कुठला स्वर कुणाचा ते ओळखू येत नाही, आणि येऊ नये अशीच ती योजना आहे. या वाद्याच्या एकट्याच्या अंगात काय आहे ते गर्दीत कळत नाही. त्याला तिघांतला एक करावं लागतं, तेव्हा लपायला जागा उरत नाही.

म्हणून तुम्हाला मे १९७१ मध्ये आणलं आहे. न्यू यॉर्क, कोलंबिया रेकॉर्ड्ससाठी ‘द बिल इव्हान्स अल्बम’चं ध्वनिमुद्रण. भिंती, छत, काचेपलीकडचे लोक, यांच्याकडे नंतर बघा. वाद्यांपाशी उभे राहा. एक स्टाइनवे ग्रँड पियानो आहे. त्याच्या आत दोनशेहून अधिक तारा, त्यांचा एकूण ताण सुमारे २० टन, आणि तो पेलायला बिडाची चौकट. स्टाइनवेबरोबरच हाताशी फेंडर ऱ्होड्स आहे: काळा, ७३ पट्ट्यांचा. विजेची जोडणी काढली तर त्यातून बारीक टिणटिण तेवढी ऐकू येईल. बेसवर एडी गोमेझ, पोर्टो रिकोत जन्मलेला, न्यू यॉर्कमध्ये वाढलेला, जुलियार्डमध्ये शिकलेला. १९६६ पासून इव्हान्सबरोबर आहे. ड्रमवर मार्टी मोरेल, १९६८ पासून. निर्माती हेलन कीन. तीच इव्हान्सची व्यवस्थापक, आणि त्याच्या आयुष्याची घडी शक्य तेवढी सावरून धरणारी बाई. इव्हान्स आता ४१ वर्षांचा आहे. केस वाढले आहेत, मान मात्र तशीच झुकलेली.

हे त्याचं ऱ्होड्सवरचं पहिलंच काम नव्हे. आदल्या वर्षीच्या ‘फ्रॉम लेफ्ट टू राइट’मध्ये त्याने स्टाइनवे आणि ऱ्होड्स दोन्ही वाजवले होते, पण मागे वाद्यवृंद होता. आता फक्त तिघं. आणि या अल्बममधल्या सगळ्या रचना त्याच्या स्वतःच्या; असं त्याने याआधी कधीच केलं नव्हतं. रेकॉर्ड कोलंबियाची, ऱ्होड्स फेंडरचा, दोन्ही कंपन्या सीबीएसच्या. धंद्याच्या दृष्टीने पाहिलं तर एका घरातली दोन भावंडं एका खोलीत आणून बसवली, एवढंच. पण खोलीत जे घडतं ते धंद्याच्या हिशोबात मावणारं नाही.

इव्हान्स ऱ्होड्सवर एक पट्टी दाबतो, मधल्या सप्तकातला ए. इथे मी काळ थांबवतो. पुरता नाही, हा एक सेकंद तुम्हाला चालत ओलांडता येईल इतका सावकाश करतो. पट्टीखालून आत शिरा.

पट्टीचं मागचं टोक वर उचललं जातंय. हातोडी सुटते आणि पोलादी काडीवर खालून आदळते. काडी दाभणापेक्षा फार जाड नाही, आणि एका टोकाला घट्ट रोवलेली आहे. तिच्या वर, तिच्याशी जोडलेली, धातूची एक जड पट्टी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा आठवत असेल तर हा तोच. फक्त त्याची एक भुजा बारीक काडीची आणि दुसरी जाड पट्टीची. काडी वाजते, पट्टी तिची ऊर्जा थोपवून धरते, म्हणून नाद रेंगाळतो. काडीवर तारेचं एक चिमुकलं स्प्रिंगसारखं वेटोळं चढवलेलं आहे. ते पुढे-मागे सरकवलं की स्वर चढतो-उतरतो. सूर लावतात तो असा. आणि काडीच्या टोकासमोर, केसभर अंतरावर, पाचरीच्या टोकाचं चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. काडी सेकंदाला ४४० वेळा वर-खाली होते, चुंबकाचं क्षेत्र तितक्याच वेळा ढवळतं, तारेत वीज खेळते. हवेतून तुमच्या कानाशी येण्याआधी हा स्वर विजेतून एक फेरी मारून येतो.

टोकाशी थांबा. सगळी किमया इथे आहे. इव्हान्सचं बोट हलकं पडलं तर काडी चुंबकाच्या टोकासमोर जराशी हलते आणि निघतो तो जवळजवळ निव्वळ स्वर. घंटेचा, पण घंटेतली कर्कश किनार काढून घेतलेला. बोट जोरात पडलं तर काडीचा झोका मोठा होतो, ती चुंबकाच्या टोकापलीकडे निघून जाते, विजेची लाट वेडीवाकडी होते आणि स्वर गुरगुरतो. आवाजाची पातळी बदलली एवढंच नव्हे, आवाजाची जात बदलली. आणि या दोन टोकांच्या मध्ये शेकडो पायऱ्या आहेत, त्या सगळ्या बोटाच्या ताब्यात. काडी आणि चुंबक एकमेकांसमोर नेमके कुठे बसवायचे यावर त्या पायऱ्यांची चढण ठरते. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा केसभर सरकवला की जवारी खुलते, तशी ती जागा कान लावून शोधावी लागते, आणि प्रत्येक स्वराची वेगळी.

इलेक्ट्रिक म्हटलं की स्पर्श गेला, असा समज तेव्हाही होता, आजही आहे. ऑर्गनच्या बाबतीत तो खरा आहे. तिथे पट्टी हळू दाबा की जोरात, नाद तेवढाच. पण ऱ्होड्सवर स्पर्शावाचून काहीच घडत नाही. म्हणून ज्या माणसाचं सगळं वादन स्पर्शाच्या छटांवर उभं होतं त्याला या वाद्यात रस वाटावा, यात मला काही नवल वाटत नाही.

सेकंद सोडून देतो. बाहेर या आणि तिघांच्या मधोमध उभे राहा.

त्याने कॉर्ड वाजवली आहे. नेहमीसारखीच, मूळ स्वर गाळून. स्टाइनवेवर हीच कॉर्ड वाजते तेव्हा प्रत्येक स्वरामागे उपस्वरांची लांब रांग उठते, तीन-तीन तारा एकमेकींशी किंचित भांडतात, लाकडी फळा गाजतो, खोली भरते. ते ऐश्वर्य आहे, त्याला पर्याय नाही. पण भरलेल्या खोलीत दुसऱ्याला बसायला जागा कमी पडते. ऱ्होड्सवर तीच कॉर्ड हळू दाबली तर उपस्वर थोडेच. स्वर गोल, कडा मऊ, आणि दोन स्वरांच्या मध्ये रिकामी जागा. त्या जागेतून गोमेझ ऐकू येतो. त्याची बोटं तारेवर घासल्याचा आवाज, स्वर सुटल्यावर लाकडात उरलेला घुमारा, एका स्वराकडून दुसऱ्याकडे घसरत जाताना घेतलेली मींड. वरच्या बाजूला मोरेलच्या झांजेचा धातू आहे, आणि ऱ्होड्सची काडीही धातूच, तेव्हा पियानो आणि ड्रम यांच्यात एरवी जो सांधा जाणवतो तो इथे बुजतो. कॉर्डची घंटा कुठे संपली आणि झांज कुठे सुरू झाली ते शोधत बसावं लागतं.

बेसची सर्वांत खालची तार ज्या स्वराला लावतात, तो ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. ऱ्होड्सच्या ७३ पट्ट्यांतली सगळ्यात डावीकडची पट्टीही नेमकी त्याच स्वराची. दोघांचा तळ एकच. आणि ऱ्होड्सचा खालचा भाग जाडा, गढूळ. तिथे डाव्या हाताने भरगच्च कॉर्ड दाबल्या की बेसचा गळाच धरला जातो. ट्रिओमध्ये ऱ्होड्स वाजवणाऱ्याला म्हणूनच खालची जमीन सोडून द्यावी लागते. ज्यांचा डावा हात मोकाट, अशा पियानोवादकांची इथे पंचाईत होते. इव्हान्सने ती जमीन दहा वर्षांपूर्वीच, त्या तळघरात, देऊन टाकली होती. त्याला नवं काही शिकायचं नव्हतं. जणू त्या डाव्या हातासाठीच हे वाद्य बनलं असावं, असं मला ही रेकॉर्ड ऐकताना दरवेळी वाटतं.

यातल्या रचना वरवर सोप्या वाटतात, आत कठीण आहेत. ‘टी.टी.टी.’ घ्या. आपल्या भाषेत सात शुद्ध आणि पाच विकृत मिळून जे बारा स्वर होतात, ते सगळे एकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत यायचा नाही, अशी त्या धुनेची अट. ही बारा स्वरांची ओळ तीनदा येते आणि बारा ‘बार’चं आवर्तन पुरं होतं. कागदावर हे गणित आहे. युरोपातल्या शोएनबर्गने अशाच बारा स्वरांच्या ओळींवर संगीत रचलं, तेव्हा जुन्या सुरावटीची जमीन त्याने मुद्दाम काढून घेतली होती. इव्हान्स उलट करतो. तो या ओळीखाली उबदार कॉर्ड अंथरतो, मोरेल झांजेवर लय धरतो, आणि तुमचा पाय हलायला लागतो. ‘कॉमरेड कॉनरॅड’ अपघातात गेलेल्या एका मित्राच्या आठवणीत आहे. ती चार आणि तीन मात्रांमध्ये ये-जा करते आणि एकामागून एक बाराही पट्ट्यांतून फिरते. षड्ज सारखा बदलत राहतो, धून ओळखीची राहते. दुःखाला स्थिर बसू न देण्याची ही रीत मला फार जवळची वाटते.

आता ज्यासाठी तुम्हाला इतक्या लांब आणलं ते ऐका. एकाच रचनेत इव्हान्स एका पियानोवरून दुसऱ्यावर जातो. त्याचे हात स्टाइनवेवरून उचलले जातात आणि ऱ्होड्सवर उतरतात. गोमेझने काही बदललेलं नाही, मोरेलनेही नाही. तरी बेस एकदम पुढे आल्यासारखा होतो, ड्रमची कातडी जवळ येते, तिघांमधलं अंतर वेगळं मापलं जातं. मग तो परत स्टाइनवेवर जातो आणि खोली पुन्हा उंच होते. तीच माणसं, तीच धून, तीच लय. या अदलाबदलीत ट्रिओ म्हणजे काय ते मला जितकं स्वच्छ कळलं तितकं कुठल्याही पुस्तकातून कळलं नाही. तिसऱ्याने आपला आवाज जरा आवरला की उरलेल्या दोघांचा चेहरा दिसतो.

इव्हान्सने ऱ्होड्सला मुख्य वाद्याचा दर्जा दिलेला नाही. आपल्या पियानोला लाभलेली एक ताजी जोड, नव्या कल्पना सुचवणारा पर्यायी आवाज, एवढंच तो म्हणतो. आणि चांगल्या साध्या पियानोशी कुठल्याही इलेक्ट्रिक वाद्याची बरोबरी होऊ शकत नाही, हेही. तो प्रामाणिक माणूस होता आणि एका अर्थी त्याचं खरं आहे. संथ लयीत, जिथे एकेका स्वराला विझताना रंग बदलायचे असतात, तिथे ऱ्होड्स तोकडा पडतो. त्याचा स्वर विझतो, पण विझता विझता पियानोइतकं काही सांगत नाही. ऱ्होड्सच्या प्रेमात पडलेल्यांनी हे मान्य करायला हवं. पण इव्हान्स एका वाद्याची दुसऱ्याशी तुलना करत होता. मी तिघांच्या मधोमध उभा राहून ऐकतो आहे, आणि इथून ऱ्होड्स दुय्यम वाटत नाही. एकट्या वादकाकडून हे वाद्य जे काढून घेतं, ते उरलेल्या दोघांच्या ओंजळीत पडतं.

या बदलाने चिडलेले लोकही तुम्हाला इथे भेटतील. व्हॅनगार्डचे दिवस ज्यांनी काळजात जपले होते त्यांना इव्हान्सच्या हाताखाली वायर पाहून दुखलं, आणि त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. आसपास सगळं जॅझ मोठ्या आवाजाकडे, रॉककडे धावत होतं. त्यांना वाटलं हाही निघाला. तो निघाला नव्हता. ज्या संवादाचा ध्यास त्याने १९६१ मध्ये घेतला होता त्यासाठीच त्याने एक नवं साधन हाती घेऊन पाहिलं. ‘द बिल इव्हान्स अल्बम’ला १९७२ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, एक एकल वादनासाठी आणि एक गटासाठी. एकाच रेकॉर्डला हे दोन्ही मिळावेत हे मला फार नेमकं वाटतं. कोलंबियाशी त्याचा संबंध मात्र लवकरच संपला. पुढच्या वर्षांत त्याने ऱ्होड्स अधूनमधून घेतला. १९७४ च्या ‘इंट्यूशन’मध्ये तो आणि गोमेझ दोघंच आहेत आणि काही ठिकाणी ऱ्होड्स आहे. बहुतेक वेळ तो पियानोकडेच राहिला. १५ सप्टेंबर १९८० ला न्यू यॉर्कमध्ये तो गेला.

त्यापुढे वाद्याचं जे झालं ते पाहायला १९८३ मधल्या एखाद्या वाद्यांच्या दुकानात डोकवा. काउंटरवर यामाहाचा डीएक्स७ आहे, एका माणसाला उचलता येईल इतका हलका. त्यातला ‘इलेक्ट्रिक पियानो’चा आवाज ऱ्होड्सची घंटा आकड्यांनी घडवतो. चकचकीत, एकसारखा, कधीही बेसूर न होणारा. पुढच्याच वर्षी ऱ्होड्सचं उत्पादन बंद पडलं. हलका, स्वस्त आणि बिनतक्रार पर्याय मिळाल्यावर मोडणाऱ्या काड्या आणि सरकणारे सूर कोण सांभाळेल? पण त्या आकड्यांत काडीचा तो झोका नव्हता, तो चुंबकापलीकडे निघून जाण्याचा क्षण नव्हता, आणि तो नाही हे कानांना कळायला वेळ लागला नाही. तरुण वादक जुने ऱ्होड्स शोधून दुरुस्त करू लागले. २०२१ मध्ये एका नव्या कंपनीने ते पुन्हा बनवायला घेतले. आत तीच पोलादी काडी, तीच हातोडी.

आता तुम्ही तुमच्या घरी आहात आणि १९७१ चं ते संगीत एका स्पर्शावर उपलब्ध आहे. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बेस तिथे पोचतच नाही आणि बेस नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही. कानांवर चांगले हेडफोन चढवा. ‘फंकालेरो’पासून सुरुवात करा, ती वेगवान आहे, दम धरायला लावणार नाही. पहिल्या खेपेला इव्हान्सकडे दुर्लक्ष करा, अवघड आहे, पण करा. गोमेझचा माग धरा. पियानो बदलेल तिथे बेसचा आवाज कुठे सरकतो ते पाहा. मग धून पुन्हा लावा आणि या खेपेला मोरेलच्या उजव्या हातातल्या काठीमागे जा. ती झांजेच्या कडेवर कधी पडते, मध्यावर कधी, आणि कुठल्या कॉर्डसाठी तिने वाट सोडली. तिसऱ्यांदा लावाल तेव्हा इव्हान्सचा डावा हात ऐका, आणि जो स्वर तो वाजवत नाही तो प्रत्येक कॉर्डखाली स्वतः गाऊन बघा.